आठव्या दिवसाची हजेरी

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या काळी-पिवळी टॅक्सीच्या लायनीत गाडीला कोणी विचारत नाही, नंबराला विचारतात. गोरेगाव ते गोंदिया अशा एकवीस गाड्या धावतात. सकाळी ठरलेल्या क्रमाने एकामागे एक उभं राहायचं, प्रवासी कोंबायचे आणि निघायचं. ज्याचा नंबर सहावा त्याच्या दिवसाला चार फेऱ्या आरामात होतात, ज्याचा एकोणिसावा तो दुपारपर्यंत सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत बसतो. नवा नंबर निघत नाही. गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो, आणि म्हणूनच एरवी भंगारवालाही नाक मुरडेल असलं डबडं लायनीत उभं असलं की लाखाच्या वर जातं.

रत्नपालची व्हॅन असंच एक डबडं होती आणि तिचा नंबर सहावा होता. चौदा वर्षं त्याने ती चालवली होती. दोन हजार सातच्या एप्रिलात ती विकायची वेळ आली, कारण मोनालीच्या हृदयाची झडप बदलायची होती. मोनाली त्याची एकुलती एक, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन मे ही तारीख दिली होती. पैसे त्याआधी भरायचे होते. तोवर तिने जिना चढायचा नाही, भरली बादली उचलायची नाही, धावपळीचं तर नावच काढायचं नाही, असं त्यांनी तिच्या आईला, नंदाबाईला, तीनतीनदा बजावलं होतं.

गिऱ्हाईक मिळायला त्रास पडला नाही. सौंदडचा हेमराज कितीतरी वर्षं रायपूरकडे दुसऱ्याच्या गाड्या चालवत होता आणि आता त्याला स्वतःची हवी होती. एका रविवारी तो आपल्या दोन लहान मुलींना घेऊन गाडी बघायला आला. नंबरासकट सव्वा लाखावर बोलणं ठरलं. पैसे तो पुढच्या बुधवारनंतरच्या बुधवारी आणणार होता, शेताच्या तुकड्याचं खरेदीखत त्याच आठवड्यातल्या सोमवारी होतं म्हणून. मोठी माणसं बोलत होती तेव्हा त्या मुली मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या. धाकटीने खिडकीची काच वर-खाली करून पाहिली आणि बापाला विचारलं की ही आपलीच होणार का. बाप हसला. रत्नपालही हसला, पण ते पोरीचं विचारणं त्याच्या मनात घर करून बसलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं, असं मी म्हणेन.

कारण दुसऱ्याच दिवशी गाडी पाणी प्यायला लागली. गोंदियाच्या एका फेरीत दोनदा रेडिएटर भरावा लागला, आणि संध्याकाळी ऑइलची काडी काढून पाहिली तर तिच्यावर दुधाळ फेस, म्हणजे ऑइलात पाणी. रत्नपाल गाडी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला बकारामच्या गॅरेजवर गेला. बकारामने फेस बोटावर घेतला, वास घेतला आणि सांगून टाकलं की इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, गेलं. दोन रस्ते होते. एक, हेड उतरवून गोंदियाला मशीनवर दुरुस्तीला पाठवायचं, पाच दिवस आणि सात-आठ हजार. दुसरा रस्ता प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतो आणि कोणी मोठ्याने सांगत नाही.

"रेडिएटरात हळद टाकून देतो, इंजिनात जाड ऑइल," बकाराम म्हणाला. "पंधरा दिवस कोणाचा बाप ओळखत नाई. विकूनच राहिला ना? मंग कायले खर्च करतं?"

हळद म्हणजे आपली स्वयंपाकातलीच हळद. गरम पाण्यात फुगते, भेगेत जाऊन बसते, आणि गळती थांबते. थांबते म्हणजे नव्या मालकाच्या हाती गाडी जाईपर्यंत थांबते. मग एखाद्या भर दुपारी, दहा प्रवासी भरलेले असताना, इंजिन जे बसतं ते उठतच नाही.

रत्नपालने त्या रात्री घरी हे सांगितलं तेव्हा नंदाबाईला त्यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळेना. पाव किलो हळद तिने डब्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. पोरीची तारीख तोंडावर आहे, गाडी उघडून बसायची ही वेळ नव्हे, तिचं म्हणणं एवढंच होतं आणि ते बरोबर होतं. रत्नपाल म्हणाला की तो माणूस शेत विकून गाडी घेऊन राहिला आहे. त्याच्या पोरी त्याने पाहिल्या आहेत. आयुष्यभर लबाडी केली नाही, आता पोरीच्या ऑपरेशनच्या पैशात ती मिसळायची नाही. हे असलं बोलणं ऐकायला फार छान वाटतं. नंदाबाई उठली, हळद परत डब्यात ओतली आणि म्हणाली, "हेमराजच्या पोरी दिसल्या तुमाले. आपली नाई दिसत."

उत्तर नसलं की माणूस हट्टाला पेटतो, तसा तोही पेटला. बुधवारी सकाळी बकारामने हेड उतरवलं.

आता त्याने सरळ फोन उचलून हेमराजला खरं का सांगितलं नाही, असं कोणीही विचारेल. त्यालाही तो विचार आला होता. पण हेमराजला कळलं की लायनीला कळणार, आणि गाडी उघडली आहे हे लायनीत फुटलं की नंबर मेलाच म्हणून लोक बोलायला लागतात, आणि केशोरावच्या कानावर ते जायला वेळ लागत नाही. केशोराव लायनीचा प्रमुख. रोज सकाळी आठला तो चुन्याच्या रेषेजवळ उभा राहून एकेका नंबराचा तीनदा पुकारा करायचा. गाडी रेषेवर असली की हजेरी. सलग आठ हजेऱ्या चुकल्या की नंबर कापला, गाडी एकविसाव्या जागेवर. मेलेल्या गाड्यांवर लोक नंबर धरून बसायचे म्हणून हा नियम केला होता आणि केशोरावने तो आपल्या सख्ख्या मेव्हण्यालाही लावला होता. एकविसाव्या नंबराची ती व्हॅन पस्तीस हजारांना गेली असती, तीही कोणी दयावान भेटला तर. बकारामचे पाच दिवस आणि नियमाचे आठ, मध्ये तीन दिवस मोकळे राहत होते. रत्नपालने लायनीत सांगितलं की लग्नाला बालाघाटकडे जातो आहे, आणि लबाडी न करणाऱ्या माणसाची ती पहिली लबाडी ठरली.

हेड गोंदियाला गेलं आणि तिथेच अडकलं. लग्नसराईमुळे त्या वर्कशॉपसमोर गाड्यांची रांग, आणि त्यात रोज आठ-आठ तास लाइट बंद. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. बकाराम रोज फोन करून आज नक्की म्हणायचा. सातव्या दिवशी तो स्वतःच गोंदियाला जाऊन बसला आणि संध्याकाळी त्याने कळवलं की हेड मशीनवर चढलं आहे, पण मोकळं व्हायला उद्या दुपार होईल.

रत्नपालला रात्रभर झोप लागली नाही. हातपाय गाळून बसण्यापेक्षा काहीतरी करायला हवं होतं. मागे एकदा सातव्या नंबराच्या दुधरामने आपली बंद पडलेली गाडी चक्क बैलांनी ओढत रेषेवर आणून उभी केली होती, आणि गाडी आली म्हणजे आली, कशी आली ते आपण पाहत नाही, असा निकाल केशोरावने सगळ्यांसमोर दिला होता. तेव्हा सगळी लायन पोट धरून हसली होती. आता रत्नपालला तेवढाच आधार होता. त्याने रात्रीच गावातल्या खुशालचा ट्रॅक्टर सांगून ठेवला. गॅरेजपासून लायनीपर्यंत दीड किलोमीटर, पाच मिनिटांचं काम.

बुधवारी सकाळी सव्वासात वाजले तरी ट्रॅक्टर आला नाही. फोन लावला तर खुशालच्या बायकोने सांगितलं की ते पहाटेच वऱ्हाड घेऊन नवेगाव बांधला गेले, तुम्हाला नाही का बोलले. रत्नपालने लायनीतल्या चौघांना फोन केले. कोणी उचलला नाही. उचलतील कसे? सहावा कापला गेला की सातव्यापासून एकविसाव्यापर्यंत सगळे एकेक पायरी वर चढणार होते. त्यांना वाईट म्हणण्यात अर्थ नाही, त्यांच्याही घरी चुली होत्या.

तेव्हा ढकलण्याशिवाय इलाज उरला नाही. रत्नपालने मागच्या दोन्ही सीटा काढून गॅरेजात ठेवल्या, स्टेपनी काढली, जॅक काढला. नंदाबाई आली होती. मोनालीला घरी एकटी ठेवायची नंदाबाईला भीती वाटायची म्हणून तीही पाण्याची बाटली घेऊन मागे मागे आली होती. रत्नपाल ड्रायव्हरच्या दाराशी, एक हात चौकटीला, दुसरा खिडकीतून स्टेअरिंगवर. नंदाबाई मागून. गाडी हलली. चहाटपरीवरच्या दोघांनी वळणापर्यंत हात लावला, पण त्यांची एसटी आली आणि ते धावत गेले.

सपाटीला फारसं जड गेलं नाही. मग नाला आला. नाल्यावरचा पूल खाली आहे आणि पलीकडे रस्ता चढतो. फार नाही, सायकलवाला उतरत नाही एवढाच चढ. त्याच्या डोक्यावर लायन. उताराचा जोर घेऊन गाडी पुलावरून गेली, चढाला लागली आणि वीसेक हातांवर जाऊन जागीच थांबली. रत्नपालने खांदा लावला, दात आवळले. गाडी दोन बोटं पुढे जायची आणि तेवढीच मागे यायची. मागे नंदाबाईचा श्वास फुललेला त्याला ऐकू येत होता. आठला आठ मिनिटं होती. वरून लायनीतली माणसं बघत होती, हे त्याला मान वर न करताही कळत होतं. आयुष्यात इतकं लाचार त्याला कधी वाटलं नव्हतं.

आणि एकाएकी गाडी चालायला लागली. सावकाश, पण एकसारखी. वरून कोणीतरी खाली आलं असणार, दुधराम असेल, असं वाटून त्याला भरून आलं. त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. नंदाबाईच्या शेजारी, दोन्ही तळवे काचेला लावून, मान खाली घालून मोनाली ढकलत होती.

रत्नपालने आत हात घालून हँडब्रेक खेचला. गाडी थांबली. तो मागे धावणार तोच मोनालीचा आवाज आला. तिला बोलतानाही दम लागत होता.

"बाबा, थांबू नका. तुमी थांबले त मी एवढं कायले ढकललं?"

त्याने नंदाबाईकडे पाहिलं. डॉक्टरांचं एकेक वाक्य पाठ असलेली, पोरीला पाण्याचा लोटाही भरू न देणारी नंदाबाई काहीतरी म्हणेल, तिला बाजूला ओढेल, म्हणून त्याने पाहिलं. नंदाबाईने तोंड फिरवलं. वर केशोरावने पहिल्या नंबराचा पुकारा सुरू केला.

पुकारा सहाव्यापर्यंत पोचायला तीन मिनिटं लागतात. रत्नपाल तिथे किती वेळ उभा राहिला हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही, पण फार नाही. त्याने आत हात घातला आणि ब्रेक सोडला. मग चौकटीला खांदा लावला आणि पुन्हा आरशाकडे म्हणून पाहिलं नाही.

सहा नंबराचा दुसरा पुकारा होत असताना ते वर आले, आणि तिसरा तोंडातून निघायच्या आत पुढचं चाक चुन्यावर टेकलं. केशोराव काही क्षण त्या सीटा काढलेल्या खोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सहा हजर," आणि सातव्याकडे वळला. लायनीत कोणी हसलं नाही. दुधराम दुसरीकडे बघायला लागला.

मोनालीला नंदाबाईने बाकावर बसवलं होतं. तिचे ओठ जांभळे पडले होते आणि हनुवटी थरथरत होती. नंदाबाई पदराने वारा घालत होती. रत्नपाल तिकडे निघाला. तेवढ्यात हेमराज पुढे आला. तो साडेसातपासूनच येऊन चहाच्या हॉटेलात बसला होता. बनियनच्या आतल्या खिशात पैसे होते. चढावरचं सगळं त्यानेही पाहिलं होतं, फक्त ती गाडी कोणती आणि ढकलणारे कोण, हे त्याला जवळ आल्यावर कळलं होतं.

रत्नपालने जयभीम घातला आणि मग सगळं सांगून टाकलं. हेड गेलं होतं. मशीनवर आहे. आज संध्याकाळी बसेल, खर्च माझा. तुमच्या पोरी पाहिल्या म्हणून फसवावंसं वाटलं नाही. दुरुस्त करूनच द्यावी म्हटलं.

हेमराजचा चेहरा रागाचा नव्हता, कोड्यात पडल्यासारखा होता.

"रत्नपालभाऊ, मी वीस वर्षं गाड्या चालवून राहिलो," तो म्हणाला. "विकायला काढलेल्या जुन्या गाडीत हळद असतेच. हेडाचे दहा हजार मी अलग ठेवले होते. त्या रविवारीच तुमी एक शब्द बोलले असते त मी तशीच उचलली असती."

त्याने हे टोचून सांगितलं नव्हतं. साधी धंद्यातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. रत्नपालने मान डोलावली. एवढंच होतं तर. एक शब्द. नंदाबाईची हळद चालली असती, आणि नुसतं खरं बोलणंही चाललं असतं. त्याने या दोन्हींच्या मधलं काहीतरी शोधून काढलं होतं, कोणाला कळू न देता चांगलं वागायचं, आणि त्याची किंमत पलीकडे बाकावर बसून श्वास गोळा करत होती. त्याला स्वतःची इतकी किळस आली की हेमराजने हातात दिलेले पैसे त्याने मोजलेही नाहीत. केशोरावच्या समोर नंबर हेमराजच्या नावावर झाला. रत्नपालने चावी दिली. चौदा वर्षांच्या गाडीकडे त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

मोनालीचा दम बसत नव्हता. तीन मेची वाट बघायची नाही, आत्ताच नागपूर गाठायचं, हे नवरा-बायकोत न बोलताच ठरलं. सहावी गाडी जाऊ शकत नव्हती म्हणून सातवी निघाली. दुधरामने मधली अख्खी सीट रिकामी करायला लावली, तिथे बसलेल्या बायका कुरकुरल्या तर त्यांना मागे कोंबलं, आणि गोंदियाला स्टेशनच्या आत नेऊन सोडतो म्हणाला. भाड्याचं त्याने काढलंच नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

मोनाली मध्ये बसली, आईच्या खांद्यावर डोकं टेकून. तिचा हात रत्नपालच्या हातात होता. एप्रिलच्या त्या उन्हातही तो गार होता, आणि मनगटातली नाडी दोन-तीन ठोके धावायची, मग एखादा चुकवायची. रत्नपालला ती मोजवेना आणि सोडवेना. रस्त्याकडेची मोहाची झाडं पालवली होती, धानाची शेतं उन्हात नुसती भेगाळून पडली होती. मग मोनाली आपण होऊन बोलली.

"बाबा, तुमी ब्रेक सोडला त्याचं वाईट नका वाटून घेऊ. मी सांगतलं म्हून सोडला तुमी."

बापाला धीर द्यायला एवढ्या दमातही ती शब्द जुळवत होती. होय म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. नंदाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच विनवणी होती की या वेळी तरी गप्प राहा.

"तू नसतं सांगतलं तरी सोडला असता," रत्नपाल म्हणाला.

मोनालीने डोळे मिटले. "मले माहीत होतं," ती म्हणाली.

मग त्या भरल्या गाडीत, अनोळखी बायाबापड्यांच्या देखत, रत्नपाल हुंदके देऊन रडायला लागला. दुधरामने एकदा आरशात पाहिलं, हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी आणखी जोरात सोडली.